साईचं दही, पथ्याचं दही

अमृताने बासुंदीची वाटी अर्धी ठेवून ताट पुढे सारलं, तेव्हा पंगतीतल्या तिघीचौघींचे घास हातातच राहिले.

चुलतभावाच्या केळवणाला सगळे जमले होते. अमृताच्या ताटावर घरादाराचा डोळा लहानपणापासूनचा. तिने दुसरी पोळी घेतली की कुणीतरी खाकरायचं, घेतली नाही की "आज उपास वाटतं?" अशी कोपरखळी ठरलेली. आणि आज ती स्वतःहून म्हणत होती, "नको गं वहिनी, खरंच जात नाही. सकाळी माझा कप झालाय. ते साईचं दही खाल्लं की दुपारपर्यंत भुकेची आठवणही होत नाही."

"साय खाऊन बारीक होतेस तू?" वहिनीचा विश्वास बसेना.

"तेच तर! इतकी वर्षं पथ्याचं खाल्लं. बिनसायीचं दूध, डाएट चिवडा, बिनसाखरेची बिस्किटं. फुगतच गेले. आता चांगलंचुंगलं खातेय, तर ब्लाउज आत घ्यावे लागताहेत. ताईला विचारा, तिच्याच कंपनीचं आहे."

सगळ्या मृणालकडे वळल्या. मृणाल अमृताची थोरली बहीण. ती हसली आणि "तिला लागू पडलं खरं," एवढंच बोलून पाणी प्यायली. जास्त बोलणं शक्यच नव्हतं. अमृताच्या कपात साय नव्हतीच.

मृणाल सांगलीजवळच्या एका दुग्धपदार्थांच्या कंपनीत शब्द लिहायची. आधी ती जाहिराती लिहीत असे. पण या कंपनीत तिचे शब्द रक्तात तपासले जात.

त्यामागचं शास्त्र तसं साधं होतं. आपलं जठर घ्रेलिन नावाचं एक संप्रेरक सोडतं. पोट रिकामं झालं की त्याची पातळी चढते आणि मेंदूला निरोप जातो, काहीतरी खायला शोध. जेवण झालं की ती उतरते आणि आपण ताटावरून उठतो. पोटात किती गेलं त्यावर हे उतरणं ठरतं, असंच बराच काळ सगळे धरून चालले होते. मग कधीतरी एका प्रयोगात लोकांना एकच मिल्कशेक दोन वेळा प्यायला दिला. एकदा बाटलीवर लिहिलं होतं, चैनीचा, भरपूर उष्मांकांचा. दुसऱ्या वेळी लिहिलं, हलका, पथ्याचा. चैनीची चिठ्ठी वाचून प्यायल्यावर लोकांचं घ्रेलिन कितीतरी जास्त उतरलं. म्हणजे शरीर नुसतं अन्न मोजत नव्हतं, चिठ्ठीही वाचत होतं. 'डाएट' हा शब्द वाचला की त्याला वाटे, आज आपल्याला फारसं काही मिळालेलं नाही, भूक जागीच ठेवावी. आणि इकडे मन म्हणे, हलकंच तर आहे, आणखी एक चालेल. बारीक होण्यासाठी डाएटचे पुडे आणणारी माणसं या दोन्हींच्या मध्ये सापडत.

कंपनीने या ज्ञानाचं यंत्र केलं. मनगटावर एक पट्टी, ती घामातून घ्रेलिनचा अंदाज घेई आणि वजनाचीही नोंद ठेवी. दह्याच्या कपावर इलेक्ट्रॉनिक कागदाचं लेबल. ज्याचा कप त्याने हातात घेतला की लेबल पट्टीतला आकडा वाचे आणि त्या माणसाला त्या घटकेला लागू पडतील असे शब्द त्यावर उमटत. दर आठवड्याला ज्याच्या त्याच्या नावाचा वेगळा खोका घरी येई, त्यामुळे आतलं दहीही वेगळं असणार, असं गिऱ्हाइकं आपोआपच समजत. दही एकाच टाकीतलं होतं, साय काढलेल्या दुधाचं. खरे आकडे हवे असतील तर कपाच्या बुडाशी एक चौकोनी खूण होती. ती फोनने वाचायची तसदी कुणी घेत नसे.

जिथे भूक कमी करायची तिथे मृणालचे शब्द असत: 'दाटसर', 'साईच्या आठवणीचं', 'सणावाराची चव'. कायद्याच्या नजरेत यातलं काहीच खोटं नव्हतं. साय 'आहे' असं तिने कधी लिहिलं नाही. अमृताचं नाव तिनेच योजनेत घातलं आणि तिच्यासाठी एक शब्द मुद्दाम घरातून काढून दिला. आजोळी दुधाचा गडवा काठोकाठ भरला की आजी म्हणायची, 'शिगोशीग'. 'शिगोशीग, साईच्या आठवणीचं' असं कपावर उमटलं, की अमृताचा आकडा इतर कुठल्याही शब्दापेक्षा झरझर उतरे.

वर्षभरात अमृताची साखर आटोक्यात आली. डॉक्टरांनी गोळ्या निम्म्यावर आणल्या. जिना चढताना तिला कठडा धरावा लागेना. लहान पोराला कडू औषध मधातून देतात, त्यातलाच हा प्रकार, असं मृणालने मनाशी ठरवून टाकलं होतं. आणि अमृता इतकी खुशीत होती, की तिने परस्परच पुढचं पाऊल टाकलं. चौदा वर्षांच्या लेकीच्या, शाल्मलीच्या नावाचाही खोका सुरू केला. पोरगी उंच वाढत होती, अंगावर मांस नव्हतं. यंत्र प्रत्येकाला हवं ते देतं, तर तिलाही देईल, असा साधा हिशेब.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मृणाल त्यांच्याकडे गेली, तेव्हा शाल्मली स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहून काकडी चिरत होती. अंगात भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचा ढगळ सदरा.

"एवढंच जेवण?" मृणालने विचारलं.

"भूक नाही मावशी."

पण तिच्या मनगटावरची पट्टी तांबडी दिसत होती. तांबडी म्हणजे भूक कडकडून लागलेली. मृणालने पाहिलं हे शाल्मलीने पाहिलं आणि बाही खाली ओढली. 

"मावशी, तुमच्या कंपनीला माझं वजन कळतं ना?"

"पट्टीला कळतं. का गं?"

"मग मला खरं सांग. मी किती जाड आहे?"

मृणालला हसूच आलं. "तू? अगं, फुंकर मारली तर उडशील!"

शाल्मली हसली नाही. तिने फ्रिज उघडून आपल्या खोक्यातला एक कप काढला आणि मावशीसमोर धरला. तिच्या बोटांचा स्पर्श होताच लेबलावर अक्षरं उमटली: 'अगदी हलकं. पथ्याचं. मनावर ओझं नको.'

"आईला बघ काय येतं. साईचं, सणावाराचं. मला पहिल्या दिवसापासून हेच. पूर्वी नुसतं हलकं यायचं, आता अगदी हलकं येतं. घरचे सगळे म्हणतात बारीक आहेस, वर्गातल्या मुलीही म्हणतात. पण माणसं तोंडावर गोड बोलतात. यंत्र कशाला खोटं बोलेल?"

'मनावर ओझं नको.' मृणालचंच वाक्य होतं ते. आजारातून उठलेल्या, अन्नावरची वासना गेलेल्या म्हाताऱ्यांसाठी म्हणून तिच्याकडून लिहून घेतलेलं. हलकं आहे म्हटलं की त्यांचे दोन घास जास्त जातात, असं तिला सांगण्यात आलं होतं. ते एका वाढत्या मुलीच्या हातात येईल, हे तिच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

"तसा अर्थ नसतो त्याचा," ती म्हणाली.

"मग कसा असतो?"

बाहेरच्या खोलीत अमृता फोनवर कुणाला तरी सांगत होती, अगं, तू पण सुरू कर, माझ्याकडे बघ. तिचा तो मोकळा, मोठा आवाज. मृणालने शाल्मलीच्या डोक्यावर हात ठेवला. "कंपनीत विचारून सांगते," एवढंच तिला म्हणता आलं.

प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. देवस्थळी वाईट बाई नव्हत्या. त्यांनी मृणालचं सगळं ऐकून घेतलं आणि शाल्मलीचा आलेख पडद्यावर घेतला.

"यंत्राने नेमून दिलेलं काम केलंय," त्या म्हणाल्या. "मुलीचं वजन उंचीच्या मानाने कमी. तिने जास्त खावं म्हणून त्याने हलके शब्द दिले. भूकही वाढलीय तिची, हे बघ."

"भूक वाढलीय. पण ती खात नाही, मॅडम. शब्द वाचून तिला वाटतं की ती जाड आहे."

"ते यंत्राला दिसत नाही. त्याला एवढंच दिसतं, वजन आणखी घटलं. मग ते शब्द आणखी हलके करतं."

"आणि ती आणखी कमी खाते."

"हो."

"मग तिला साईचे शब्द देऊ. अमृतासारखे."

"दिले तर घ्रेलिन उतरेल. आत्ता निदान भूक तरी लागतेय, तीही मरेल. खोका बंद केला, तर तिला वाटेल यंत्रानेसुद्धा हात टेकले." देवस्थळींनी चष्मा काढून डोळे चोळले. "तिला खरं सांगणं हा एकच उपाय आहे, मृणाल. सगळ्या कपांत दही एकच आहे, हे."

"ते तिच्या आईलाही कळेल."

"कळेलच."

"आणि मग अमृताचं काय होईल?"

"तुझं काय होतं? तू रोज कॅन्टीनमध्ये तेच दही खातेस. भरतं पोट?"

मृणालचं पोट त्या दह्याने कधीच भरत नसे.

त्या दिवसापासून ती दोन्हीकडून अडकली. शाल्मलीला एकटीला गाठून सांगावं, आणि आईपाशी बोलू नकोस म्हणावं? चौदा वर्षांच्या पोरीवर आईच्या तब्येतीचं ओझं टाकायचं? शिवाय एका घरात असं किती दिवस टिकणार. अमृताला सांगावं, तर डोळ्यांसमोर ती केळवणातली अमृता यायची. जन्मात पहिल्यांदा तिने लोकांच्या पंगतीत मान वर करून 'नको' म्हटलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, असंच राहिलं तर गोळ्या सुटतील. ते सगळं एका वाक्यासरशी काढून घ्यायचं, आणि तेही ज्या बहिणीने दिलं तिनेच. या रविवारी सांगू, पुढच्या रविवारी सांगू, असं करत शाळा सुरू झाल्या. मृणाल फोनवर "शाल्मली जेवते ना गं?" असं विचारायची आणि "वयच तसं आहे, नखरे असतात," हे उत्तर ऐकून फोन ठेवायची.

शाल्मली शाळेच्या खो-खोच्या संघात होती. एका सरावाच्या वेळी ती रांगेत उकिडवी बसली होती. मागून तिला खो मिळाला. ती उठलीच नाही. आधी मुली ओरडल्या, मग हसल्या, मग बाईंनी जाऊन तिचे खांदे धरले तेव्हा ती एका अंगावर कलंडली. दवाखान्यात सलाइन लावलं. डॉक्टरांनी तिचा सदरा वर केला आणि अमृताला जवळ बोलावून तिच्या फासळ्या दाखवल्या.

मृणाल पोहोचली तेव्हा अमृता बाहेरच्या बाकावर बसली होती. "ताई, पोरगी उपाशी होती," ती म्हणाली. "माझ्या घरात. मी रोज तिच्यासमोर बसून जेवत होते."

दुसऱ्या दिवशी शाल्मलीला घरी आणलं. संध्याकाळी मृणाल त्यांच्या स्वयंपाकघरात गेली, फ्रिजमधून अमृताच्या खोक्यातला एक आणि शाल्मलीच्या खोक्यातला एक असे दोन कप तिने काढले, त्यांची लेबलं सोलून टाकली आणि दही दोन सारख्या वाट्यांत ओतलं. मग दोघींना टेबलाशी बसवलं.

"दोन्ही चाखून बघा. कुठलं कुणाचं ते सांगा."

अमृताने एका वाटीतलं चमचाभर तोंडात घातलं, मग दुसऱ्या. पुन्हा पहिल्यातलं. शाल्मली नुसती जिभेला लावून थांबली.

"सारखंच लागतंय," अमृता म्हणाली.

"सारखंच आहे. एकाच टाकीतलं. साय कुणाच्याच कपात नाही, अमू. कधीच नव्हती." आणि मग मृणालने सगळं सांगून टाकलं: घ्रेलिन, तो मिल्कशेक, पट्टी. ज्याला कमी खायला लावायचं त्याला भरलेले शब्द आणि ज्याला जास्त खायला लावायचं त्याला हलके. ती शाल्मलीकडे बघून बोलत होती, कारण अमृताकडे बघवत नव्हतं. "यंत्राला तू जाड वाटली नाहीस, बाळा. तू फार बारीक वाटलीस. चार घास जास्त खावेस म्हणून ते हलकं हलकं म्हणत राहिलं. त्याला पोरीचं मन कुठून कळणार? ते शब्द मीच लिहिलेत. मलाही कळलं नाही."

शाल्मलीने दोन्ही वाट्या शेजारी शेजारी सरकवल्या. "म्हणजे आईला कमी जेवायला लावत होतं, आणि मला जास्त?"

"हो."

"शी! उलटंच झालं की सगळं," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. मनात इतके महिने घट्ट बसलेलं एका संध्याकाळी जाणार नव्हतं. त्या दिवशीही तिने मऊ भात चिवडून अर्धा तसाच टाकला. पण पट्टी मात्र तिने स्वतःच्या हाताने काढून टेबलावर ठेवली.

 अमृताने दोन्ही वाट्या उचलून मोरीत धुतल्या, पालथ्या घातल्या. मग पाठमोरीच म्हणाली, "शिगोशीग हा शब्द कंपनीला कुठून मिळाला, याचं मला नवल वाटायचं. वाटायचं, काय हुशार यंत्र आहे. तू दिलास?"

"हो."

"आजीचा शब्द."

"तुझ्या भल्यासाठीच..."

"ताई, तू जा आता."

मृणालने कंपनीत अठरा वर्षांखालच्या मुलांची लेबलं बंद करा म्हणून लेखी तक्रार केली. देवस्थळींनी तिच्या बाजूने सही केली. आणखी तीन शहरांतून अशाच मुली पुढे आल्या, तेव्हा मुलांची योजना गुंडाळण्यात आली. मोठ्यांची चालूच राहिली, आणि जोरात. मृणाल मात्र तिथे राहिली नाही. शब्द जुळवायला बसली की प्रत्येक शब्दापुढे कप धरलेला कुणाचा तरी हात दिसायचा. तिने एका शाळेत मराठी शिकवायचं काम धरलं.

अमृताचा फोन येत नव्हता. शाल्मलीची खबर तिच्या शाळेतल्या बाईंकडून मिळे. समुपदेशन चालू आहे, हळूहळू जेवते आहे, डबा संपवते आहे, मैदानावर आली होती, नुसती बसली पण आली. अमृताबद्दल कुणी आपणहून काही सांगत नसे आणि मृणालला विचारायचा धीर नव्हता. गणपती झाले, दसरा झाला. भाऊबिजेला दोघी बहिणी चुलतभावाकडे समोरासमोर आल्या, तेव्हा मृणालला दिसलं. अमृताचा चेहरा पुन्हा भरला होता. तिच्या ताटाकडे पुन्हा सगळ्यांचा डोळा होता, आणि ती मान खाली घालून भराभर जेवत होती. त्या दिवशी दोघींत "बरी आहेस?" "बरी आहे," यापलीकडे काही बोलणं झालं नाही.

थंडीतल्या एका रविवारी भर दुपारी मृणालचं दार वाजलं. दारात अमृता होती. जिना चढून धाप लागलेली.

"शाल्मलीची मिरजेला स्पर्धा आहे. तिला सोडून आले," ती आत येत म्हणाली. "खेळणार आहे आज."

मृणालने पाणी दिलं. अमृता दोन पेले प्यायली. मग बसल्या जागेवरून म्हणाली, "भूक परत आलीय, ताई. होती तशी. सकाळी उठले की दारात उभीच असते."

"माहीत होतं मला. म्हणूनच तर सांगवत नव्हतं." मृणाल तिच्यासमोर बसली. "फार राग आलाय ना माझा?"

"आलाय. सांगितलंस म्हणून नाही." अमृताने पेला खाली ठेवला. "सुट्टीत तुला कळलं होतं. शाल्मलीने सांगितलं मला. सुट्टीत कळलं, आणि पोर मैदानात पडेपर्यंत तू गप्प राहिलीस. तुला वाटलं, खरं कळलं तर अमृता आधी स्वतःच्या वजनासाठी रडेल. लेकीपेक्षा मला माझं बारीक होणं प्यारं आहे, असं वाटलं ना तुला?"

'नाही' म्हणणं सोपं होतं. मृणालला आयुष्यभर असे सोपे, अर्धेमुर्धे खरे शब्द सुचत आले होते.

"हो," ती म्हणाली. "वाटलं."

अमृताने मान हलवली, जणू एवढंच ऐकायला ती तो जिना चढून आली होती. डोळे भरले होते, पण आवाज साधा होता. "नुसतं विचारायचंस गं. 'अमू, असं असं आहे, काय करू?' एवढंच. मी त्याच क्षणी पट्टी काढून फेकली असती. पण मला कुणी विचारतच नाही. आई होती, तोवर ती 'पुरे' म्हणायची. डॉक्टर कोष्टक हातात देतात. तुझं यंत्र घाम मोजायचं. माझी भूक सगळ्यांनी मोजली. मला भूक आहे का, हे एकाने विचारलं असेल तर शपथ."

बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होईना. मृणाल उठली, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली आणि तिथूनच वळली.

"अमू," तिने विचारलं, "भूक आहे तुला?"

 अमृताने क्षणभर डोळे मिटले. तिचं तिलाच आत डोकावून बघायचं होतं.

"आहे," ती म्हणाली. "पण फार नाही. एक भाकरी कर."

मृणालने परातीत पीठ घेतलं. अमृता आत आली, तवा चढवला आणि बहिणीच्या शेजारी उभी राहिली.